कोचला कोण हवंय?

महाराष्ट्रात दहावीनंतरचा जून म्हणजे याद्यांचा महिना. निकाल लागलेला असतो, पेढे वाटून झालेले असतात आणि अकरावीच्या पहिल्या यादीत कुठलं कॉलेज लागतंय, कट-ऑफ कितीने हुकतोय या हिशेबात घर बुडालेलं असतं. अमेरिकेतही दहावीनंतरच्या जूनमध्ये काही घरं अशीच श्वास रोखून बसतात, पण ती फोनकडे डोळे लावून. बहुतेक खेळांत पहिल्या श्रेणीतल्या विद्यापीठांच्या कोचना दहावी संपवलेल्या खेळाडूशी थेट बोलायची मुभा मिळते ती १५ जूनला. त्याआधी कोच स्पर्धेला येतो, गॅलरीत बसतो, स्टॉपवॉच दाबतो, वहीत नोंद करतो. पण मुलीने पाठवलेल्या मेलला 'तू आम्हाला हवी आहेस' एवढं उत्तर देण्याचीही त्याला बंदी असते. म्हणून १४ तारखेच्या रात्री बाराच्या ठोक्याला मेसेज यायला लागतात. काहींच्या फोनवर डझनभर येतात, काहींच्या एखादा. बऱ्याच जणांच्या फोनवर काहीच येत नाही.

न्यू जर्सी, बे एरिया, शिकागो, डॅलस, ह्यूस्टन हे अमेरिकेतल्या मराठी माणसांचे नेहमीचे पत्ते. इथल्या आईबाबांची पिढी बहुतांशी परीक्षेच्या जोरावर समुद्र ओलांडून आली: बारावीचे मार्क, इंजिनीअरिंगचा प्रवेश, मग जीआरई आणि एमएस. त्यांची मुलं मात्र आठव्या-नवव्या वर्षापासून पहाटे तलावात उतरतात, टेनिससाठी शनिवार-रविवार दोन-तीन राज्यं पालथी घालतात, तलवारबाजी करतात, स्क्वॉश खेळतात. रविवारची मराठी शाळा आणि स्विम मीट एकाच दिवशी आले की कोण जिंकतं, ते सांगायला नको. आणि दहावीच्या सुमारास क्लबचा कोच एक दिवस सहज म्हणून जातो, 'ही कॉलेजात पोहू शकेल.' तिथून घरात एक असा प्रवेशप्रकार सुरू होतो, ज्याचा आईबाबांच्या अनुभवाशी काडीचाही संबंध नसतो.

याला तिथे रिक्रूटिंग म्हणतात. आपल्याकडे खेळाडूला सवलत मिळते ती प्रमाणपत्रावर. दहावी-बारावीला जास्तीत जास्त २५ वाढीव गुण, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण. जिल्हा, राज्य, राष्ट्रीय अशा पायऱ्या ठरलेल्या आणि प्रत्येक पायरीचा कागद ठरलेला. तो कागद इतका मोलाचा, की बनावट क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणंही महाराष्ट्रात गाजली. अमेरिकन कॉलेजच्या कोचला कागदाशी कर्तव्य नसतं. त्याला संघ बांधायचा असतो.

होड्यांच्या शर्यतीपासून

कॉलेजच्या खेळाला एवढं महत्त्व का, हा प्रश्न भारतातून आलेल्या प्रत्येकाला पडतो. १८५२ साली न्यू हॅम्पशायरमधल्या विनिपसॉकी तलावावर हार्वर्ड आणि येल यांच्यात होड्यांची शर्यत झाली. अमेरिकेतली ही पहिली आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. तिचा खर्च उचलला एका रेल्वे कंपनीने, कारण तिला त्या तलावाकडे प्रवासी खेचायचे होते. म्हणजे कॉलेजचा खेळ आणि पैसा यांची सोयरीक पहिल्या दिवसापासूनची. पुढे फुटबॉल इतका रानटी झाला, की १९०५ च्या हंगामात मैदानावर मुलं दगावली आणि अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावून घेतलं. त्या गदारोळातून १९०६ मध्ये जी संघटना उभी राहिली, तीच आजची एनसीएए.

आज तिच्या छत्राखाली सुमारे अकराशे कॉलेजं आहेत, १९७३ पासून तीन श्रेणींत विभागलेली. पहिल्या श्रेणीत साडेतीनशेच्या वर, टीव्हीवर दिसणारी बहुतेक त्यातली. दुसरीत तीनशेच्या आसपास. तिथेही खेळाची शिष्यवृत्ती मिळते, पण तुकड्यातुकड्यांनी. तिसरी श्रेणी सर्वांत मोठी आणि तिथे खेळासाठी एक डॉलरही द्यायला मनाई. याखेरीज लहान कॉलेजांची एनएआयए आणि दोन वर्षांच्या कम्युनिटी कॉलेजांची एनजेसीएए या संघटना वेगळ्या.

आता आकडे. अमेरिकेच्या हायस्कुलांतून सुमारे ८० लाख मुलंमुली शाळेच्या संघात खेळतात. एनसीएएच्या संघांत जागा आहेत पाच लाखांहून थोड्या अधिक. शंभरातले सातएक जण कॉलेजात खेळतात आणि दोनेक जणांच्या पदरात खेळाची म्हणून काही शिष्यवृत्ती पडते. पूर्ण शिष्यवृत्ती मिळणारे त्याहून किती तरी कमी. क्लबची फी, विमानाची तिकिटं, हॉटेलं, खासगी शिकवण्या यांवर दहा वर्षं केलेला खर्च 'शिष्यवृत्तीतून वसूल होईल' असं ज्यांनी मनाशी धरलं असेल, त्यांनी हा आकडा फ्रिजवर चिकटवून ठेवावा.

कट-ऑफ नसलेली भरती

आपल्या माणसांची गफलत होते ती इथे. रिक्रूटिंग ही आपण गुणवत्ता यादी समजतो. 'त्या अमक्याच्या मुलाला मिळालं, मग आपल्या मुलीला का नाही? तिचं टायमिंग तर किती सरस आहे!' हे वाक्य महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत हमखास ऐकू येतं. यादी असती तर वाक्य बरोबर होतं. पण कोचच्या समोर यादी नसते, रिकाम्या जागा असतात.

समजा, एका विद्यापीठाच्या मुलींच्या जलतरण संघात तीस जणी आहेत. शेवटच्या वर्षाच्या सात जाणार. त्यांतल्या दोघी ब्रेस्टस्ट्रोकवाल्या, एक डायव्हर, एक लांब पल्ल्याची. बॅकस्ट्रोकला मात्र दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या चौघी तयार आहेत. अशा वेळी उत्तम बॅकस्ट्रोक पोहणाऱ्या मुलीच्या मेलला दोन ओळींचं गुळमुळीत उत्तर येतं आणि तिच्यापेक्षा तुलनेने हलक्या ब्रेस्टस्ट्रोकवालीला कॅम्पस बघायला बोलावणं येतं. यात कुणावर अन्याय झालेला नाही. ही पद्धत परीक्षेपेक्षा लग्नाची स्थळं बघण्याशी जवळची आहे: नकार आला म्हणजे मुलगी नापास झाली असं नसतं, आणि होकार आला म्हणून ते घर तिच्यासाठी चांगलंच असेल असंही नसतं.

पण स्थळांच्या बाबतीत जे कधीच कळत नाही, ते इथे कळू शकतं. कोचला काय हवंय याचा निम्माअधिक हिशेब जाहीर असतो. प्रत्येक कॉलेज एका लीगमध्ये, म्हणजे कॉन्फरन्समध्ये, खेळतं. जलतरणात हंगामाच्या शेवटी कॉन्फरन्सची मोठी स्पर्धा होते आणि तिच्यात पहिल्या सोळांना, कुठे चोविसांना, गुण मिळतात. ते निकाल इंटरनेटवर कुणालाही दिसतात. मुलीने आपल्या प्रकारातला निकाल उघडायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: आजच्या वेळेत मी इथे पोहले असते, तर कितवी आले असते? पहिल्या आठांत येत असेल, तर कोच तिच्या मागे लागेल. सोळा-चोविसाच्या आसपास असेल, तर बोलणं होऊ शकतं. चाळिसावी येत असेल, तर त्या कॉलेजची टोपी घालून फिरायला हरकत नाही, पण त्या कोचच्या मेलची वाट बघू नये.

टेनिसमध्ये हेच काम यूटीआर करतं. १ ते १६.५ या मापावर प्रत्येक खेळाडूचा आकडा असतो आणि तो मुलगा-मुलगी, देश, वय न बघता फक्त सामन्यांवरून निघतो. कॉलेजच्या लढतीत सहा एकेरी आणि तीन दुहेरी सामने असतात. म्हणजे त्या संघातल्या सहाव्या क्रमांकाच्या खेळाडूचा यूटीआर किती, हे बघितलं की आपण दाराच्या आत आहोत की बाहेर, ते पाच मिनिटांत समजतं. धावणं, उड्या, गोल्फ यांतही आकडा बोलतो. व्हॉलीबॉल, सॉकर, बास्केटबॉलमध्ये मात्र आकड्यांवर भागत नाही. तिथे व्हिडिओ, उंची आणि क्लबच्या मोठ्या स्पर्धा यांचं राज्य.

ही बेरीज-वजाबाकी घरात बसून, फुकटात, एका संध्याकाळी करता येते. तरी फार थोडी घरं ती करतात. आकडा कळला की स्वप्नाची हद्द कळते आणि ती कुणालाच लवकर कळायला नको असते.

मेल कुणी लिहायचा?

कोचशी पहिली गाठ पडते ती मेलमधून. हंगामात कोचकडे अशा मेलांचा ढीग येतो आणि तो ते बसच्या प्रवासात, फोनवर, अंगठ्याने सरकवत वाचतो. म्हणून विषयाच्या ओळीतच सगळा मजकूर यावा लागतो: '२०२७ – १०० यार्ड बटरफ्लाय ५४.९ – जीपीए ३.९ – न्यू जर्सी'. यातलं २०२७ म्हणजे शाळा संपण्याचं वर्ष. कोच सर्वांत आधी तेच बघतो, कारण जागा त्या वर्षात असावी लागते. मग चार-पाच वाक्यं: क्लब कोणता, गेल्या वर्षी वेळ किती होती आणि आता किती आहे, पुढची मोठी स्पर्धा कधी आणि कुठे, क्लबच्या कोचचा फोन. आणि एक वाक्य असं, जे दुसऱ्या कुठल्याही कॉलेजला पाठवता येणार नाही: 'तुमच्या मेडली रिलेतल्या बटरफ्लायवाल्या या वर्षी पदवी घेऊन जाताहेत, त्या जागेचा विचार करून लिहिते आहे.' हे एक वाक्य मुलीने निकाल वाचलेत याची पावती असतं.

इथेच घराघरांत ठिणगी पडते. संवाद साधारण असा:

'बाबा, मेल तू नको लिहूस. कोचला लगेच कळतं.'

'अगं, मी फक्त स्पेलिंग तपासलं.'

'स्पेलिंग तपासताना तू वर 'रिस्पेक्टेड सर' घातलंस. कोच बाई आहे.'

पालकांनी लिहिलेला मेल कोच ओळखतो, कारण त्यात मुलगी 'लहानपणापासून कष्टाळू आणि जिद्दी' असते आणि वेळ तिसऱ्या परिच्छेदात सापडते. कोच पुढची चार वर्षं मुलीबरोबर काढणार असतो. तिला स्वतःचं वेळापत्रक, स्वतःचं दुखणं, स्वतःची अडचण सांगता येते का, हे त्याला बघायचं असतं. फोनवर बाबा बोलायला लागले आणि मुलगी मागे गप्प बसली, की त्याच्या मनात एक फुली पडते. कॅम्पसच्या भेटीत मुलगा आईशी कसा बोलतो, जेवताना भावी सहकाऱ्यांकडे बघतो की फोनकडे, यावरही नजर असते. कोच मंडळी हे लपवत नाहीत.

मग आईबाबांनी करायचं काय? काम भरपूर आहे. खर्चाची मर्यादा आधीच उघडपणे सांगायची, म्हणजे मूल भलत्या ठिकाणी जीव गुंतवणार नाही. कॉलेज, जागा, वेळा, कोचचं नाव, शेवटचा मेल कधी गेला, याचा तक्ता ठेवायला मदत करायची. आणि मुलाला प्रश्न विचारायला शिकवायचं. आपल्याकडे मोठ्या माणसाला उलट प्रश्न विचारणं उद्धटपणाचं, पण इथे न विचारणं महागात पडतं. माझ्या वर्षी किती जागा भरणार आहात? पहिल्या वर्षी मला स्पर्धेत उतरवाल की नुसता सराव? गेल्या दोन वर्षांत संघ सोडून किती जण गेले, आणि का? शिष्यवृत्ती एका वर्षाची की चारही वर्षांची? खांदा दुखावला तर तिचं काय? इंजिनीअरिंगची लॅब आणि सराव एकाच वेळी आले तर कोण मागे हटतं? नियमाने हंगामात आठवड्याला २० तासांचीच सक्तीची तालीम असते, पण प्रवास त्यात धरत नाहीत. तेव्हा संघातल्या मुलींनाच विचारावं, गुरुवारी रात्री झोपायला किती वाजतात.

पैशाचं गणित बदललंय

२०२५ पर्यंत एनसीएए प्रत्येक खेळाला शिष्यवृत्त्यांची कमाल संख्या ठरवून देत असे. पहिल्या श्रेणीतल्या पुरुषांच्या जलतरण संघाला ९.९, पुरुषांच्या टेनिसला ४.५, बेसबॉलला ११.७. हे अपूर्णांक मजेशीर वाटतात, पण त्यांचा अर्थ रोकडा होता: दहा जणांचा पैसा तीस जणांत वाटायचा. कुणाला पुस्तकांपुरते, कुणाला निम्मी फी. 'फुल राइड', म्हणजे पूर्ण शिष्यवृत्ती, हा शब्द लग्नसमारंभात जितक्या सहज फेकला जातो, तितका तो प्रत्यक्षात कधीच सहज नव्हता.

६ जून २०२५ रोजी कॅलिफोर्नियात न्यायाधीश क्लॉडिया विल्किन यांनी 'हाउस विरुद्ध एनसीएए' या खटल्यातल्या तडजोडीला मंजुरी दिली आणि चौकट बदलली. जुन्या खेळाडूंना सुमारे २.८ अब्ज डॉलरची भरपाई, आणि सहभागी विद्यापीठांना पहिल्या वर्षी खेळाडूंना थेट २.०५ कोटी डॉलरपर्यंत वाटायची मोकळीक. शिष्यवृत्तीची मर्यादा उठली, तिच्या जागी संघातल्या डोक्यांची मर्यादा आली: फुटबॉलला १०५, बेसबॉलला ३४, जलतरणाला ३०, टेनिसला १०. कागदावर आता सगळ्या तीस जलतरणपटूंना शिष्यवृत्ती देता येते. पण पैसा जातो फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे, कारण तिकिटं आणि टीव्हीचे करार तिथून येतात. कॅल पॉलीने तर मार्च २०२५ मध्ये या बदलाचं कारण देत जलतरण संघच बंद केला.

डोक्यांच्या मर्यादेचा फटका बसला वॉक-ऑन खेळाडूंना, म्हणजे शिष्यवृत्तीशिवाय, निव्वळ हौसेने संघात राहणाऱ्यांना. ४० जणांचा संघ ३० वर आणायचा तर कुणाला तरी काढावं लागणार. अनेकांना निकालाची वाट न बघताच काढलंही गेलं. न्यायाधीशांनी त्यावर बोट ठेवून एप्रिलमध्ये मंजुरी अडवली आणि अशा मुलांना मर्यादेबाहेर ठेवण्याची तजवीज झाल्यावरच ती दिली. यापुढच्या तुकड्यांना ते संरक्षण नाही. 'शिष्यवृत्ती नसेना, पण संघात घेतो' या शब्दाची किंमत त्यामुळे उतरली आहे.

दुसरा बदल ट्रान्सफर पोर्टलचा. २०१८ पासून कॉलेज बदलू पाहणाऱ्या खेळाडूंची नावं एका सामाईक यादीत येतात आणि आता तर बदलीवरची बंधनंही जवळजवळ गेली आहेत. परिणाम असा, की कोचला सतरा वर्षांच्या होतकरू मुलाऐवजी एकवीस वर्षांचा, कॉलेजात सिद्ध झालेला खेळाडू मिळतो. शाळेतून थेट येणाऱ्यांच्या जागा तेवढ्या आटल्या. तिसरा मुद्दा खास आपल्या मुलांचा: २०२१ पासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर जाहिरातीतून पैसे कमावता येतात, पण भारतातून एफ-१ व्हिसावर गेलेल्यांना अमेरिकेत राहून असं काम करणं बहुतेक वेळा व्हिसाच्या अटींत बसत नाही. जाहिरातीतल्या कमाईची बढाई ऐकून विमानात बसू नये.

मार्कांची खरी किंमत

मराठी घरांत ज्या कॉलेजांची नावं देवघराच्या शेजारी घेतली जातात, त्यांतली कितीतरी खेळाची शिष्यवृत्ती देतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनसकट आठही आयव्ही लीग कॉलेजं पहिल्या श्रेणीत खेळतात, पण खेळासाठी पैसे देत नाहीत. एमआयटी, कार्नेगी मेलन, शिकागो विद्यापीठ, कॅलटेक ही तिसऱ्या श्रेणीतली. तिथला कोच पैसा देऊ शकत नाही. तो देतो प्रवेश समितीपुढचा पाठिंबा. आयव्हीत हा पाठिंबा फार वजनदार असतो. हार्वर्डच्या प्रवेशांवरून २०१८ साली उभ्या राहिलेल्या खटल्यात जी आकडेवारी पुढे आली, तिच्यानुसार कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे ८६ टक्क्यांना प्रवेश मिळत होता. एरवी शंभरातल्या पाच-सहा जणांनाच तो मिळतो. एमआयटीत मात्र कोचचा शब्द हे शिफारशीपलीकडे फार काही नसतं.

हा पाठिंबा मिळवायची वाट मार्कांमधून जाते. अकरावी संपली, की जुलैत कोच मुलाच्या गुणपत्रिका आणि विषयांची यादी प्रवेश कार्यालयाकडे आधीच वाचायला पाठवतो. याला प्री-रीड म्हणतात. तिथून हिरवा कंदील आला तरच पुढचं बोलणं. म्हणजे नववीतल्या गणिताच्या ग्रेडचा परिणाम अकरावीच्या शेवटी होतो. पहिल्या श्रेणीत कुठेही खेळायचं तर १६ ठरावीक विषय आणि त्यांत किमान २.३ ची सरासरी (जीपीए) लागते; त्यांतले १० विषय बारावी सुरू होण्याआधी आटपलेले असावे लागतात आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानातले. मराठी मुलांना २.३ चं भय नसतं. त्यांची अडचण उलटी. आईबाबा मार्क आणि खेळ ही दोन वेगळी खाती समजतात आणि दहावीत एकातून काढून दुसऱ्यात भरतात. खरं तर ३.९ ची सरासरी आणि बऱ्यापैकी टायमिंग असलेल्या मुलीला तिसऱ्या श्रेणीतली कॉलेजं पायघड्या घालतात, आणि गुणवत्तेवर किंवा घरच्या उत्पन्नावर मिळणारी फीसवलत दुसऱ्या श्रेणीतल्या पाव शिष्यवृत्तीपेक्षा अनेकदा मोठी भरते.

कोचच्या पाठिंब्यात एवढं बळ असल्यामुळेच त्याचा बाजार झाला. मार्च २०१९ मध्ये अमेरिकेच्या तपास यंत्रणांनी रिक सिंगर नावाच्या प्रवेश सल्लागाराचं जाळं उघडं केलं. कधी होडी न वल्हवलेल्या मुलींचे रोइंग मशिनवर बसवून फोटो काढले गेले, कधी वॉटर पोलो न खेळलेले वॉटर पोलोपटू झाले आणि येल, जॉर्जटाउनसारख्या ठिकाणच्या कोचनी पैसे घेऊन ही नावं आपल्या यादीत घातली. सिंगरला २०२३ मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आपल्याकडे बनावट प्रमाणपत्र, त्यांच्याकडे बनावट खेळाडू: जिथे सवलत, तिथे दलाल, हे दोन्हीकडे सारखंच.

पुण्याहून, मुंबईहून

भारतातून थेट जाणाऱ्यांचाही एक रस्ता आहे आणि तो टेनिसने रुळवला. सोमदेव देववर्मनने व्हर्जिनिया विद्यापीठाकडून २००७ आणि २००८ अशी लागोपाठ दोन वर्षं एनसीएएचं एकेरीचं विजेतेपद मिळवलं. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला आणि २०२४ मध्ये अल्माटीला एटीपी दुहेरीचं विजेतेपद जिंकला. ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून खेळली आणि २०२३ च्या हांगझोऊ आशियाई स्पर्धेत रोहन बोपण्णाबरोबर तिने मिश्र दुहेरीचं सुवर्ण आणलं. उंच उडीतला तेजस्विन शंकर कॅन्सस स्टेटकडून २०१८ आणि २०२२ मध्ये एनसीएए विजेता झाला. व्यावसायिक टेनिसच्या खालच्या स्पर्धांत पदरचे पैसे घालून जगभर भटकण्यापेक्षा चार वर्षं कोच, फिजिओ, कोर्ट आणि पदवी एका जागी मिळणं, हा व्यवहार शहाणपणाचा ठरतो. पहिल्या श्रेणीतल्या टेनिस संघांत निम्म्याहून अधिक खेळाडू परदेशी आहेत ते उगाच नव्हे.

पण या वाटेवर काही खड्डे आहेत. अमेरिकेत कॉलेजचा तलाव २५ यार्डांचा असतो. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ५० मीटरच्या तलावात १०० मीटर फ्रीस्टाइलला ५५ सेकंद घेणारा मुलगा यार्डांत ४८ च्या आसपास येतो. मेलमध्ये नुसतं ५५ लिहिलं, तर कोच पुढे सरकतो. दुसरा खड्डा वर्षाचा. बारावीनंतर 'एक वर्ष पूर्ण खेळाला देऊ, मग बघू' हे आपल्याकडे सर्रास चालतं. एनसीएएचं घड्याळ मात्र शाळा संपली की चालू होतं. ठरावीक सवलत संपली की खेळायचे हंगाम कापले जातात आणि टेनिसमध्ये ही सवलत इतर बहुतेक खेळांपेक्षा तोकडी आहे. तिसरा खड्डा विषयांचा: शाळा सोडून बाहेरून परीक्षा देणाऱ्यांनी आपले विषय तिथे धरले जातील का, हे इंडियानापोलिसच्या पात्रता केंद्राकडून नववीतच विचारून घ्यावं.

आणि क्रिकेट? एनसीएएच्या खेळांत क्रिकेट नाही. मुंबईकडून रणजी खेळलेला सौरभ नेत्रावळकर २०१५ मध्ये कॉर्नेलला गेला तो संगणकशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी. पुढे २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्तानविरुद्ध सुपर ओव्हर टाकून त्याने अमेरिकेला जिंकून दिलं. पण कॉर्नेलचा दरवाजा त्याच्या डावखुऱ्या गोलंदाजीने उघडलेला नव्हता.

मदत कुणाची?

या सगळ्यात मुलाला मदत करायला टपलेले पुष्कळ असतात. हजारो डॉलर घेऊन मुलाचं प्रोफाइल शेकडो कोचना पाठवणाऱ्या कंपन्या आहेत. कोचच्या सहीचं 'आमच्या उन्हाळी शिबिराला जरूर ये' असं पत्र येतं आणि घरात उत्सव होतो; बहुतेकदा ते पत्र हजारोंना गेलेलं असतं आणि शिबिराच्या फीमधून कोचच्या मदतनिसांचा पगार निघतो. मुंबई-पुण्यातही 'अमेरिकेत प्लेसमेंट' करून देणारे एजंट आहेत. त्यांच्यापैकी कुणी 'शिष्यवृत्ती मिळाली तर तिच्या इतके टक्के द्या' म्हणाला, तर तिथूनच परत फिरावं. कारण शिष्यवृत्तीवर बेतलेलं असं मानधन एनसीएएच्या नियमांत बसत नाही आणि पात्रता जाते ती मुलाची.

उपयोगाची मदत बहुतेक वेळा फुकट असते. क्लबचा कोच, ज्याचा एक फोन कॉलेजच्या कोचला शंभर मेलांपेक्षा मोलाचा वाटतो. शाळेची समुपदेशक, जिला विषयांच्या अटी पाठ असतात. आणि दोन वर्षांपूर्वी याच तलावातून कॉलेजात गेलेली मुलगी, जिला सगळं ताजं आठवतं. मंडळांच्या अधिवेशनांत वधू-वर मेळावे होतात, उद्योजकांच्या बैठका होतात. तिथे अशा चार मुलामुलींना एका खोलीत बसवून नववी-दहावीच्या पोरांना हवे ते प्रश्न विचारू दिले, तर कुठल्याही पॅकेजपेक्षा ते जास्त कामाचं होईल. आईबाबांना मात्र खोलीबाहेर चहा द्यावा.

कारण मदतीतला अवघड भाग माहिती देण्याचा नाही, खरं बोलण्याचा आहे आणि खरं बोलण्यात कुणाचाच फायदा नसतो. क्लबला फी हवी असते, कंपनीला गिऱ्हाईक, शिबिराला नोंदणी. आईबाबांना दहा वर्षांच्या पहाटांचं सार्थक हवं असतं. निकालाच्या पानासमोर मुलीला बसवून 'या कॉलेजात तू तेहतिसावी येतेस, त्या कॉलेजात नववी. ते दुसरं कॉलेज खेळ वजा केला तरी तुला आवडेल का?' असं विचारणारा माणूस विरळा. कोचांच्या जगात हाच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारतात: पहिल्याच महिन्यात पाय मोडला, तरी तू इथे राहशील का? प्रश्न कल्पनेतला नाही. पाय मोडतात, कोच नोकरी बदलतात, संघ बंद होतात. स्टॅनफर्डसारख्या श्रीमंत विद्यापीठानेही २०२० मध्ये ११ खेळ बंद करण्याचं जाहीर केलं होतं. माजी खेळाडूंच्या दबावानंतर वर्षभरात ते मागे घेतलं.

कॉलेजच्या संघात खेळता येईल का, याचं उत्तर शंभरातल्या त्र्याण्णव जणांसाठी 'नाही' असतं. ते दहावीच्या उन्हाळ्यात कळलं, तर मुलाच्या हातात दोन वर्षं उरतात: विषय निवडायला, दुसरी कॉलेजं शोधायला, आणि जिथे जाईल तिथल्या क्लब संघात संध्याकाळी मजेत खेळायला. तेच बारावीच्या फेब्रुवारीत कळलं, तर हाती उरतात फक्त क्लबच्या पावत्या. जो शुभचिंतक मुलाच्या पाठीवर थाप मारून 'होईल रे सगळं' म्हणतो, त्याला गोड मानावं. पण सल्ला त्याचा घ्यावा, जो आधी वेळ किती ते विचारतो आणि मग निकालाचं पान उघडतो.